सातव्या फर्म्यानंतर

पिशवीतून माझं पुस्तक काढलं, उघडलं, आणि आत अक्षर नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, अक्षरं गेली. पुस्तकातून नव्हे, माझ्यातून. ज्यांना सहाव्या वर्षी अक्षरं येतात त्यांना ही भीती कळायची नाही. त्यांची अक्षरं चालण्याबोलण्यासारखी अंगात मुरलेली असतात. मला ती एकोणपन्नासाव्या वर्षी आली. अवेळी आलेला पाहुणा चपला न काढता दाराशीच टेकतो, तशी ती माझ्यात टेकलेली आहेत असं मला कायम वाटत आलंय. केव्हाही उठतील आणि 'बरंय, येतो' म्हणतील. म्हणून सकाळी जाग आली की मी आधी औषधाच्या डबीवरचं नाव वाचून बघतो. वाचता आलं की मग तोंड धुतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत होतं. ती डोळे न उघडताच विचारायची, "आहेत का?" मी म्हणायचो, "आहेत." मग ती उठायची. आज परक्या शहरातल्या हॉटेलच्या खोलीतही मी डबी वाचली होती, नीट वाचता आली होती. आणि आता, अकराच्या सुमाराला, पुस्तकमेळ्याच्या त्या अवाढव्य दालनात माझंच पुस्तक हातात उघडं होतं आणि पान पांढरं होतं. घाबरून मान वर केली. छतापासून पाट्या टांगलेल्या होत्या, माणसाएवढ्या अक्षरांच्या. त्यातलं एकही वाचता येईना. मग हळूहळू ध्यानात आलं की त्या पाट्या परक्या लिपीत आहेत आणि त्या मला कालही वाचता आल्या नव्हत्या. वळून आमच्या फळ्यांकडे बघितलं. 'घरच्या घरी मधमाश्या'. 'मुलांसाठी ताऱ्यांचा नकाशा'. 'विहिरीचं पाणी कसं ओळखावं'. जोडाक्षरांसकट वाचलं. म्हणजे अक्षरं जागेवर होती. नव्हती ती पुस्तकात. मग वाटलं, मागचा भाग उघडला असेल. कारण एकशेबाराव्या पानानंतर ते कोरंच आहे, आणि ही गोष्ट जगात मला एकट्यालाच माहीत होती. पहिलं पान उघडलं. तेही कोरं.

पुस्तक माझं होतं यात शंका नव्हती. शिलाई माझी, गाठ माझी, कव्हरवर नाव माझं. मी बाइंडर. चव्वेचाळीस वर्षं एकाच छापखान्यात पुस्तकं बांधली. पुस्तक छापायच्या आधी त्याची डमी बांधतात. आत तेवढीच कोरी पानं, बाहेर खरा पुठ्ठा, खरं कव्हर. जाडी किती होईल, पाठीवर नाव मावेल का, हातात घेतल्यावर कसं वाटेल, हे बघायला. आमच्याकडे डमी नेहमी जोडीनं बांधायची रीत. एक मालकांच्या टेबलावर जायची, एक बाइंडरच्या फळीवर राहायची. पुढे काही वाद झाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघता यायचं. मी लिहायला बसलो तेव्हा वही आणावी हे मला सुचलंच नाही. हातांनी आपसूक डमी बांधली. सोळा पानांचा एक फर्मा, असे सोळा फर्मे, दोनशे छप्पन्न पानं. आणि जोडीनंच बांधली. एकीत लिहीत गेलो, दुसरी कपाटात राहिली. बायको हसली होती. "लिहायच्या आधीच जाडी ठरवलीत? एवढं काय घडलंय हो आपल्यात?"

"मावेल तेवढं लिहू."

"आणि नाही भरलं तर?"

"तर तू बोल, मी लिहितो. तू काय गप्प बसणाऱ्यातली आहेस?"

लिहिलं ते आमच्या दोघांबद्दलच. दुसऱ्या कशातलं मला फारसं कळत नाही. त्यातले पहिले दोन फर्मे मी वेगळ्या कागदावर उतरवून ताईला दिले होते. ताई म्हणजे मालकांची मुलगी. मालक गेल्यावर छापखाना आणि त्यांचं प्रकाशन तिनंच सांभाळलं. लहानपणी माझ्या खळीच्या डब्यात बोटं बुडवायची. आता स्वतःच पन्नाशीला टेकली, पण मला काकाच म्हणते. ते दोन फर्मे वाचून तिनं कव्हरच छापून टाकलं. पुस्तक पूर्ण आहे असंच ती धरून चालली. "काका, बाकीचं कधी देताय?" म्हणायची. मी म्हणायचो, "एकदा नजर फिरवतो आणि देतो." असं म्हणण्यात सव्वा वर्ष गेलं. मग हा मेळा आला. आपल्या देशाच्या प्रकाशकांना मिळून एक दालन मिळालं होतं, सगळे आपापली पुस्तकं घेऊन निघाले होते, आणि ताई म्हणाली, तुम्हीही चला. सूचीत तिनं माझ्या नावाखाली छापलं होतं की हा बाइंडर एकोणपन्नासाव्या वर्षी वाचायला शिकला. तीन दिवस परके लोक येत, ते वाचत, आणि माझ्या तोंडाकडे न बघता आधी हातांकडे बघत. बघोत. हात बघण्यासारखेच आहेत.

या हातांनीच घोळ घातला होता. मेळ्यासाठी ताईनं कव्हरं दोन पाठवली, एक डमीला घालायचं, एक जपून ठेवायचं. मी दोन्हींना घातली. लिहिलेलीलाही घातलं, कशी दिसते ते बघावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. लिहिलेली पिशवीतून बरोबर आणली, कारण रिकाम्या घरात ती ठेवायची कुणाच्या भरवशावर? कोरी ट्रंकेतून आली. पहिल्या दिवशी फळ्या लावताना कोरीची पाठ जरा वाकलेली दिसली. म्हणून पिशवीतली बाहेर काढली, दोघींना शेजारी धरलं, दाबून सरळ केलं. मग एक फळीवर ठेवली, एक पिशवीत. कोणती कुठे, हे हातांना विचारलं नाही. आजवर मला डोळ्यांनी दगा दिलाय, डोक्यानं दिलाय. हातांनी दिला नव्हता.

फळीकडे बघितलं. तिथं माझ्या पुस्तकाएवढी फट होती.

"ताई, इथली डमी कुठाय?"

ती एका गृहस्थांशी परक्या भाषेत बोलत होती. हातानंच थांबा म्हणाली, त्यांना निरोप दिला आणि वळली. "ती होय? काल दिली ना. त्या उंच बाई आल्या होत्या बघा, पांढऱ्या केसांच्या, त्यांना. त्यांचं प्रकाशन लहान आहे पण फार नेकीनं करतात. म्हटलं, न्या, डमीच तर आहे. तुम्ही तेव्हा चहाला गेला होतात."

"उघडून बघितलीत?"

"डमी काय उघडून बघायची, काका?"

पलीकडच्या टेबलावरचे चष्मेवाले खो-खो हसले. ते शब्दकोश छापतात. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. "लेखकमहाराज, मनाला लावून घेऊ नका. आमची तर छापलेलीसुद्धा कुणी उघडून बघत नाही."

मी ताईला हळूच म्हणालो, "ती बहुतेक डमी नव्हती."

तिनं माझ्या हातातल्या कोऱ्या पानांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अगं बाई. म्हणजे लिहिलेली गेली? काका, झेरॉक्स तरी काढून ठेवलीय ना?"

"आहे ना," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. झेरॉक्स नव्हती. बायको गेल्यापासून ते पुस्तक त्या यंत्राच्या काचेवर पालथं घालायला माझा हात झाला नव्हता.

"मग एवढं काही नाही. मला आता साडेअकराची भेट आहे. ती उरकली की आपण दोघं जाऊन बदलून आणू. हे त्यांचं कार्ड. चौथं दालन. एकटे निघू नका हां, हरवाल."

"हरवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हटलं, कोरी डमी काखेत मारली, आणि तिनं पाठ वळवताच निघालो.

कार्डावर चारचा आकडा होता आणि पुढे एक खूण. उभी काठी, तिला उजवीकडे दोन फांद्या, खालची जरा आखूड. तेवढंच धरून चालत राहिलो. सरकता पट्टा लागला, जिना लागला, काचेचा पूल लागला, पुलाखालून ट्रका जात होत्या. मग पुन्हा पुस्तकं. इकडून तिकडून माणसं, गळ्यात पट्ट्या, हातात पिशव्या, आणि सगळीकडे अक्षरं, भिंतींवर, छतावर, पायाखालच्या गालिच्यावरसुद्धा. एकही माझ्याशी बोलत नव्हतं. मी रंग लक्षात ठेवू लागलो: पिवळी भिंत गेली की डावीकडे, पाणी प्यायच्या नळापासून सरळ. आणि गंमत अशी की मला बरं वाटू लागलं. जगातली एकुलती एक प्रत परक्याच्या हातात होती, आणि तरी आत कुठंतरी घरी आल्यासारखं वाटत होतं. असंच तर चालायचो मी एकोणपन्नास वर्षं. बसचा आकडा हे चित्र होतं, दुकानाची पाटी हा रंग होता. बायकोच्या माहेरी मी सगळ्यांसमोर वर्तमानपत्र धरून बसायचो, ठरावीक वेळानं पान उलटायचो आणि मधूनच 'च् च्' करायचो. सासरे म्हणायचे, "काय झालं जावईबापू?" मी म्हणायचो, "दिवस वाईट आलेत." ते म्हणायचे, "अगदी खरं." लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत एकदाही अडकलो नाही. आणि चालता चालता मनात आलं, की हे पुस्तकही तसंच नसेल ना? काखेतलं कोरं हेच खरं असेल. दुसरं नसेलच. रोज चार वाजता बायकोला वाचून दाखवताना मी कोरी पानं उलटत तोंडानं काहीतरी सांगत असेन, आणि तिनं ओळखलं असेल, पण माहेरी गप्प राहायची तशीच गप्प राहिली असेल. मी भिंतीला टेकलो. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा होता. तो चाचपून बघितला. पण घट्टे तर सगळ्याच बोटांना आहेत, दोऱ्याचे, दाभणाचे. कोणता कशाचा हे कोण सांगणार?

बाइंडरला वाचता यायची गरज नसते, हे लोकांना खोटं वाटतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते, पहिल्यावर सगळ्यात वर, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. फर्मे एकावर एक ठेवले की पाठीवर जिना दिसतो. जिना नीट उतरला की पुस्तक बरोबर. मी हजारो जिने उतरलो, एकाही घरात न शिरता. एकदा छापणाऱ्यानं पाचव्या आणि सहाव्या फर्म्याच्या खुणा अदलाबदल करून छापल्या. जिना मला सुरेख दिसला. सगळी आवृत्ती बांधली, शिवली, कापली, गठ्ठे बाहेर गेले. आठवड्यानं मालकांनी एक प्रत माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "वाच." मी पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली आणि सवयीनं 'च् च्' केलं. मालकांनी प्रत माझ्या हातातच मिटली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "घरी घेऊन जा." ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी बायकोनं दिवा जवळ ओढला आणि वाचू लागली, आणि वाचता वाचता थांबली. "अहो, हे काय? हा माणूस इथं मेला. पोरं रडली, सगळं झालं. आणि पान उलटलं तर जेवायला बसलाय! वर मीठ मागतोय!" आणि ती जी हसत सुटली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, की मला रडायचं होतं ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला शिकवायला घेतलं, वाया गेलेल्या त्याच फर्म्यांवर. म्हणजे मी पहिलं वाक्य वाचलं ते त्या मेलेल्या माणसाच्या जेवणाचं. ती घरातली थट्टाच होऊन बसली. मी ताटावर बसून मीठ मागितलं की ती म्हणायची, "मेलेला माणूस आला बाई." आमच्या मुलीला लग्न होईपर्यंत वाटत होतं की सगळ्याच घरांत असं म्हणतात.

दोन फांद्यांची काठी दिसली तेव्हा मी तिच्यासमोरून एकदा पुढे गेलो होतो. चार खुर्च्या, एक टेबल, दोन फळ्या, एवढाच गाळा. उंच बाई बसल्या होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. टेबलावर माझं पुस्तक उघडं होतं आणि लांबूनच मला माझं अक्षर दिसलं, उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात उभ्या गवतासारखं. न विचारताच समोरच्या खुर्चीत बसलो. बाईंनी बघितलं, मग सूचीतला माझा फोटो बघितला, मग हात बघितले, आणि ओळखलं. काहीतरी बोलल्या. मी म्हणालो, "मला तुमचं कळत नाही हो." त्यांना माझं कळलं नाही. म्हणजे बरोबरी झाली. मी कोरी डमी टेबलावर ठेवली, उघडून दाखवली, बोटानं सांगितलं, ही तुमची, ती माझी. बाईंनी कोरी पानं उलटली, कपाळाला हात लावला आणि हसल्या. मला वाटलं, झालं, आता उचलावं आणि निघावं. पण त्यांनी माझं पुस्तक लगेच दिलं नाही. दोन्ही हातांत धरून त्या ते बघत राहिल्या आणि मला त्या बघण्यानं चमकायला झालं. कारण ते बघणं माझं होतं. समास किती सोडलाय, ओळी कुठं उतरत गेल्यात, शाई कुठं बदललीय, एका पानावर पाण्याचा डाग आहे. अक्षर न वाचता पान जसं बघतात तसं. पुस्तकांचाच धंदा करणारी बाई, आणि माझ्या पुस्तकापुढे ती जशी होती तसा मी सगळ्या पुस्तकांपुढे होतो. त्या बघत बघत एकशेबाराव्या पानावर आल्या. उलटलं. कोरं. आणखी एक उलटलं. मग उरलेली सगळी पानं अंगठ्याखालून सरसर सोडली, परत त्या जागेवर आल्या, तिथं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. भुवया जरा वर. पुढे?

हे मला कुणी विचारलं नव्हतं. ताईला माहीत नव्हतं. मुलीनं फोनवर विचारलं की मी म्हणायचो, होतंय, होतंय. त्या बाईला माझ्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, आणि तिनं बोट बरोबर तिथं ठेवलं होतं. मी बोलू लागलो. का, ते मला अजून सांगता येत नाही.

"सातवा फर्मा तिथं संपतो," मी म्हणालो. "दवाखान्यात होती ती. महिनाभर अळणी जेवण. मी सकाळी लिहायचो आणि चार वाजता जाऊन वाचून दाखवायचो. त्या दिवशी हे पान वाचलं. ती म्हणाली, बरंय, पण मला फार गोड करून ठेवलंत, मी एवढी गोड नाही. मग ताट आलं. एक घास घेतला आणि म्हणाली, अहो, चिमूटभर मीठ आणा की कुठून तरी. मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणालेत. तर म्हणते, मेलेल्या माणसालासुद्धा मीठ मिळतं हो. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चिडलो. म्हणालो, असलं अभद्र काही बोलू नकोस. ताट झाकलं आणि निघालो. बसथांब्यावर आल्यावर मला कळलं की ती थट्टा होती. आमची थट्टा. ती मला हसवत होती आणि मी रागावून आलो. वाटलं, परत जावं. पण बस आली. म्हटलं, उद्या हसू." मी कोऱ्या डमीची पाठ अंगठ्यानं दाबली. "सकाळी दवाखान्यातून माणूस आला."

बाईंचं बोट तिथंच होतं. मग त्याही बोलल्या, बराच वेळ, हळू आवाजात, मधेच खिडकीकडे बघितल्यासारखं भिंतीकडे बघत. एक शब्द कळला नाही. नवऱ्याचं होतं, मुलाचं होतं, की माझ्या पुस्तकाबद्दल काही सांगत होत्या, की नुसतं हवापाण्याचं? मी ऐकत राहिलो. 'च् च्' तेवढं केलं नाही. शेवटी त्यांनी आपल्या सूचीच्या कागदाची एक पट्टी फाडली, एकशेबारा आणि एकशेतेरा पानांमध्ये घातली, पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी मला दिलं. कोरं स्वतःकडे ठेवलं.

येताना हरवलो. पिवळी भिंत दोन ठिकाणी होती. नळ लागलाच नाही. एका दालनात सगळी लहान मुलांची पुस्तकं होती, तिथून बाहेर पडलो तर पुन्हा तीच. मी पुस्तक उघडून बघत नव्हतो. अक्षरं असतील ना आत, की बाईंनी चुकून कोरंच दिलं असेल? पट्टी दिसत होती, म्हणजे माझंच. पण दोन्ही माझीच होती. मगाशी बोललो ते मी बोललो की नुसतं मनात म्हटलं, याचीही खात्री वाटेना. कुणाला सांगितलं मी? जिला कळलं नाही तिला सांगितलं, म्हणजे सांगितलं की नाही सांगितलं? काचेचा पूल लागला. खालून ट्रका जात होत्या, मगाच्याच असाव्यात अशा.

ताई दालनाच्या तोंडाशीच उभी होती. "काका! अहो, काय हे! ध्वनिक्षेपकावरून तुमचं नाव पुकारायला सांगणार होते मी."

"त्यांना उच्चारता आलं असतं का?" चष्मेवाले म्हणाले. "भलताच कुणी हजर झाला असता."

"मिळालं?" म्हणत ताईनं पुस्तक घेतलं, पट्टी होती तिथं उघडलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं पान उलटलं. आणखी उलटलं. खाली बसली. "काका, हे अर्धंच आहे."

"हो."

"अर्धंसुद्धा नाही. झेरॉक्स पण नाही ना?"

"नाही."

"मी तीन दिवस लोकांना सांगतेय, पुस्तक तयार आहे. दोनशे छप्पन्न पानं. पावसाळ्याच्या आत छापणार." ती रागावली नव्हती, ते जास्त कठीण होतं. आवाज मात्र वडिलांसारखाच खाली आला होता. मग एकशेबारावं पान वाचलं, कुणी वाचून दाखवताना ऐकल्यासारखं, सावकाश. "अहो, पण हा शेवट चांगला आहे. काकू म्हणतात, मला फार गोड करून ठेवलंत... नाही, ते नाहीय इथं. इथं दवाखान्याची खिडकी आहे. तरी चांगला आहे. इथंच थांबवू या. सात फर्म्यांचं छोटं पुस्तक."

"ते तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"फार गोड करून ठेवलंत म्हणाली ते."

ताईनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "मीच होते की तिथं. तुम्ही वाचत होतात तेव्हा मी दारात आले होते, फळं घेऊन. तुम्ही दोघं जेवणाच्या ताटावरून भांडायला लागलात, म्हणून बाहेरच थांबले; तुम्ही रागात माझ्यासमोरून निघून गेलात. काकू हसत होत्या."

"हसत होती?"

"तुम्ही गेल्यावर मी आत आले तेव्हा. पदर तोंडाला लावून. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्या ह्यांना अजून खुणा कळत नाहीत."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली आणि शब्दकोशांची रास, होती तशीच असताना, पुन्हा नीट लावली. मी स्टुलावर बसलो. पुस्तक मांडीवर होतं. आठवा ते सोळावा, नऊ फर्मे कोरे. काढायचे म्हटले तर अर्ध्या तासाचं काम. सातव्यापाशी दोरा कापायचा, गाठ मारायची, पाठ नव्यानं चिकटवायची. कुणाला कळणारही नाही की इथं कधी काही होतं. हात तयारच होते; अंगठा आपसूक पाठीवरून फिरून जागा शोधत होता. हसत होती. सव्वा वर्ष मी तिला झाकलेल्या ताटापुढे तोंड पाडून बसवून ठेवलं होतं, आणि ती हसत होती. मग बसथांब्यावर मला जे कळलं ते काय होतं? काय कळलं होतं मला आजवर, कशातलं?

"काका, पाणी देऊ का?" ताईनं विचारलं.

"पेन द्या."

तिनं गळ्यातल्या पट्टीला अडकवलेलं पेन दिलं. समोरून माणसं चालली होती, कुणी थांबून हातांकडे बघत होतं. मी पट्टी बाजूला केली. आठव्या फर्म्याचं पहिलं पान. लिहिलं: ती जेवायला बसली. एक घास घेतला आणि म्हणाली, अहो, मीठ. एवढं लिहून पेन थांबलं. मग खाली लिहिलं: मी दिलं.

ताई खांद्यावरून वाचत होती. "पण काका," ती हळूच म्हणाली, "काकू तर..."

"हो," मी म्हणालो. "फर्मा मागेपुढे झालाय. राहू दे तसाच."